मोजणीबाई आणि एकशे चाळीस तुती

रोज सकाळी नऊच्या ठोक्याला एक बाई हॉस्पिटलच्या गच्चीवर चढते आणि काल दिवसभरात या शहरानं नाकावाटे काय काय आत घेतलं ते एका पट्टीवर गोळा करून खाली आणते, असं कुणाला सांगितलं तर त्याला चेष्टाच वाटेल. पण मोजणीबाईंचं काम नेमकं हेच होतं आणि एकोणीस वर्षं त्या ते करत होत्या. त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, ते कुणी उच्चारत नसे. वॉचमनपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना मोजणीबाईच म्हणायचे.

गच्चीवर पाण्याच्या टाक्यांच्या पलीकडे लोखंडी घडवंचीवर त्यांचं यंत्र उभं होतं. मागं माशाच्या शेपटीसारखा पत्रा होता, त्यामुळे वारा जिकडून येईल तिकडे ते आपसूक तोंड फिरवायचं. मिनिटाला दहा लिटर हवा आत घ्यायचं. निवांत बसलेला माणूस साधारण तेवढीच घेतो. आतल्या ड्रमवर चिकट पट्टी गुंडाळलेली असे आणि ती तासाला दोन मिलिमीटर या गोगलगाईच्या चालीनं सरकायची. हवेतून जे जे आत येईल ते तिला चिकटून बसायचं. बाई पट्टी सोडवायच्या, दिवसाचा तुकडा कापायच्या, काचेवर ठेवून गुलाबी रंगाचा थेंब सोडायच्या आणि मायक्रोस्कोपला डोळा लावायच्या. परागकण तेवढे गुलाबी होऊन उठून दिसायचे. गवताचा कण चेंडूसारखा, एकच भोक पडलेला. सूर्यफुलाच्या भाऊबंदांचा अंगभर काट्यांचा. सुरूचा त्रिकोणी वळणाचा. चेहऱ्यांवरून गिऱ्हाइकं ओळखणाऱ्या दुकानदारासारख्या बाई त्यांना ओळखायच्या.

मोजून झालं की अकरा वाजता फाटकाशी असलेल्या फळ्यावर आकडा लिहायचा आणि पुढे एक शब्द. कमी, मध्यम किंवा जास्त. दम्याची माणसं, शिंकांनी बेजार झालेली माणसं तो वाचून पुढचा दिवस ठरवायची.

"बाई, आज शिंका किती?" वॉचमन रोज विचारायचा.

"तुझ्या धरून एकशे सत्तर."

"माझ्या वेगळ्या लिहा ना. माझ्या पगारी आहेत."

बाईंचा एक नेम होता. डोळ्यांना दिसलं नाही ते कागदावर यायचं नाही. मध्यंतरी दोन दिवस यंत्राची मोटर बंद पडली, तेव्हा वरचे साहेब म्हणाले होते, "परवाचाच आकडा टाका हो, कोण बघतंय?" बाई म्हणाल्या, "मी बघतेय ना." आणि दोन दिवस फळ्यावर 'आज मोजणी नाही' असं लिहून मोकळ्या झाल्या. साहेबांनी तोंड वाकडं केलं, पण त्या दिवसापासून वाचणाऱ्यांचा फळ्यावरचा विश्वास वाढला तो वाढलाच.

त्या वाचणाऱ्यांत एक निवृत्त मास्तरीणबाई होत्या. आयुष्यभर गणित शिकवलेल्या, तोंडाच्या फटकळ, छातीच्या नाजूक. पिशवीत एका बाजूला भाजी आणि एका बाजूला श्वासाचा पंप, असा त्यांचा संसार. फळ्यापुढे उभ्या राहून त्या आधी अक्षर तपासायच्या, मग आकडा. "सातची मान मोडलीय बघा तुमच्या," म्हणायच्या. चार वर्षांपूर्वी त्यांनी जुनं घर विकायला काढलं, कारण समोर गवताचं माळरान होतं आणि उन्हाळा लागला की त्यांची छाती भात्यासारखी वाजायची. नव्या रस्त्यावर एक जागा दाखवली होती. त्या सरळ मोजणीबाईंकडे आल्या.

"तुम्ही सांगा, घेऊ का? दलालाचं मी ऐकत नाही. तुमचं ऐकेन."

"घ्या डोळे मिटून," मोजणीबाई म्हणाल्या. "तिथल्या तुती फळाच्या आहेत. मी स्वतः बघून सही केलीय."

तुतीचं एक आहे. तिच्यात नर झाड वेगळं आणि मादी वेगळं. मादीला फळं येतात, खाली पडतात, फरशी जांभळी होते, लोक बोटं मोडतात. पण नाकाला काही त्रास नाही. नराला फळ नाही, फरशी लख्ख. मात्र हिवाळा सरता सरता त्याला तुरे येतात आणि सकाळचं ऊन लागलं की प्रत्येक तुरा फुटून धुरासारखा पराग सोडतो. दम्याच्या माणसाला रस्त्यावर अशी चार झाडं पुष्कळ झाली. नव्या रस्त्यावर एकशे चाळीस होती.

यंदा फेब्रुवारी संपता संपता बाईंच्या काचेवर नवा पाहुणा दिसायला लागला. बारीक, गुळगुळीत, दोन भोकांचा. पहिल्या दिवशी तीस. चौथ्या दिवशी दोनशे. आठवड्यानं सहाशेच्या वर.

बाईंनी आधी स्वतःवरच संशय घेतला. चष्मा बदलायला झाला असेल. रंग जुना झाला असेल. रंगाची नवी बाटली फोडली, भिंग पुसलं, पुन्हा मोजलं. मग हाताखालच्या मुलीला बोलावलं, जी दोन वर्षांपूर्वी लागली होती आणि बाईंच्या तालमीत तयार झाली होती.

"हे काय दिसतंय तुला? मी काही सांगत नाही."

मुलीनं बराच वेळ बघितलं. "तुती."

"नक्की?"

"तुम्हीच शिकवलंत की. दोन भोकं, अंग गुळगुळीत, जीव एवढासा." मग जरा थांबून ती म्हणाली, "पण बाई, आपल्याकडे नराची तुती आहे कुठे एवढी?"

पट्टी तासातासाला सरकते, त्यामुळे कण कधी आले तेही कळतं. हे सगळे सकाळी सात ते नऊच्या दरम्यानचे होते. बाईंनी वाऱ्याची वही काढली. त्या वेळेला रोज वारा पूर्वेचा होता. पूर्वेला नवा रस्ता.

त्यांनी वही मिटली. बाटलीतलं अर्धं पाणी एका दमात प्यायल्या आणि मुलीला म्हणाल्या, "मी जरा बाहेर जाऊन येते." एकोणीस वर्षांत कामाच्या वेळेत त्या पहिल्यांदा बाहेर पडत होत्या.

आता दादाबद्दल सांगायला हवं.

बाई नववीत असताना वडील गेले. दादा तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होता, ते सोडून त्यानं वडिलांची रोपवाटिका हातात घेतली. सकाळी कुंड्या भरायचा, दुपारी हातगाडीवर रोपं विकायचा, आणि बहिणीला विज्ञानाच्या कॉलेजात घातलं. तिच्या पहिल्या मायक्रोस्कोपच्या तासाला तो कॉलेजच्या दारापर्यंत सोडायला आला होता, नखांत माती तशीच. "बारके, नीट बघ हं. मला संध्याकाळी सांग काय दिसलं." त्या संध्याकाळी तिनं कांद्याच्या सालीबद्दल तासभर सांगितलं आणि दादानं तासभर ऐकलं. तिनं लग्न केलं नाही. दर रविवारी दादाकडे जेवायला जायचं, वहिनीच्या हातचं खायचं, संध्याकाळी परत यायचं. दादा म्हणजे तिच्या घराची भिंत होती. भिंतीला कुणी टिचकी मारून बघत नाही.

सहा वर्षांपूर्वी नवा रस्ता झाला तेव्हा शहराच्या वृक्ष समितीनं झाडं ठरवायला बाईंना बोलावलं. तुती लवकर वाढते, सावली दाट देते, म्हणून समितीला तुती हवी होती. बाईंनी सांगितलं, लावा, पण सगळी मादी. समिती म्हणाली, मग तुम्हीच लेखी द्या. रोपं द्यायचं काम दादाला मिळालं होतं.

बाई रोपवाटिकेत गेल्या तेव्हा हिवाळा होता. रोपं म्हणजे नुसत्या काठ्या, पानाचा पत्ता नाही. काठीकडे बघून नर की मादी हे ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. दादानं मागच्या कुंपणाजवळच्या मोठ्या झाडाकडे बोट दाखवलं. "तिचेच फाटे काढून लावलेत सगळे. तिला तर तू ओळखतेस." ओळखत होतीच. लहानपणी त्या झाडाची फळं खाऊन तिची जीभ जांभळी झाली होती. फाट्यातून उगवलेलं झाड आईसारखंच निघतं, मादीचा फाटा मादीच. बाईंनी तिथंच, पालथ्या कुंडीवर कागद ठेवून लिहिलं, 'सर्व रोपे मादी झाडाची असल्याची मी स्वतः पाहून खात्री केली आहे.' आणि सही केली.

त्यांनी झाड बघितलं होतं. फाटे कापताना बघितलं नव्हतं.

नव्या रस्त्यावर त्या पोचल्या तेव्हा साडेअकरा झाले होते. ऊन चढलं होतं. दोन्ही बाजूंना झाडं कशी शिस्तीत उभी, खालची फरशी कशी आरशासारखी. बाईंनी पहिल्या झाडाची एक फांदी वाकवली. पानांच्या बगलेत बोटाच्या पेराएवढे हिरवट तुरे लोंबत होते. त्यातल्या एकाला नखानं हळूच टिचकी मारली. फुस्सकन धुराचा एक एवढासा ढग उडाला आणि उन्हात विरला.

दुसरं झाड. तिसरं. दहावं. दर झाडाखाली त्या थांबत होत्या, फांदी वाकवत होत्या, टिचकी मारत होत्या. फळाची एक कळी नाही. रस्त्याच्या निम्म्यात आल्यावर त्यांनी टिचकी मारणं सोडलं, पण मोजणं सोडलं नाही. पलीकडच्या टोकाला पोचल्या तेव्हा आकडा एकशे चाळीस होता.

तिथं माळी नळीनं पाणी घालत होता. डोक्याला टॉवेल, तोंडात काडी.

"काय हो बाई, झाडांची शिरगणती चाललीय?"

"यांना याआधी कधी तुरे आले होते?"

"कुठले यायला! पाच वर्षं दर थंडीत डोकं छाटत होतो आम्ही. यंदा पहिल्यांदाच मोकळी सोडली."

"छाटायला कुणी सांगितलं होतं?"

"नर्सरीवाल्यांनी. तेच हो, दादा. म्हणाले, पाच वर्षं बिनचूक छाटा, झाडाला आकार येतो. सहाव्या वर्षी सोडलीत तरी चालेल." त्यानं काडी या गालातून त्या गालात सरकवली. "माणूस मोठा जाणता. पाच वर्षांत झाड मेलं तर बदलून द्यायची हमी पण त्यांचीच होती. हमी संपायच्या दिवशी स्वतः येऊन झाडांवरून हात फिरवून गेले."

बाई जवळच्या बाकावर बसल्या. छाटलेल्या तुतीला त्या वर्षी तुरा धरत नाही, हे रोपवाटिकेत वाढलेल्या पोरीला सांगायला नको होतं. तुरे दिसले नसते, तर कुणाला काही कळलं नसतं. पाच वर्षं. जेवढी हमी, तेवढी छाटणी. चूक होते तेव्हा माणूस अशी वर्षं मोजून ठेवत नाही.

रविवारी त्या नेहमीप्रमाणे दादाकडे गेल्या, पण चपला काढून आत न जाता मागच्या अंगणात गेल्या. दादा पिशव्यांत माती भरत होता. पलीकडे तुतीच्या काठ्यांची नवी रांग लागली होती, समोर 'नवा रस्ता, दुसरा टप्पा, २१०' अशी पाटी खोचलेली.

"आलीस? आज उशीर केलास बारके. वहिनी दोनदा दारात येऊन गेली."

बाईंनी पर्समधून कागदाची पुडी काढली आणि त्याच्या पुढ्यात उघडली. आत सुकलेला तुरा होता.

दादानं तो बघितला. हातातली माती झटकली. "कुठला?"

"तुला माहीत नाही?"

तो बाजूच्या पालथ्या बादलीवर बसला. "हे बघ, आधी ऐकून घे. रस्त्यावर घरं बांधणाऱ्यांनी निरोप धाडला होता, फळाची झाडं आम्हाला नकोत. गाड्या खराब होतात, फरशी घाण होते, घरं विकली जात नाहीत. आणि समिती म्हणत होती, मादीच हवीत. आता मी काय करायचं? काम दुसऱ्याकडे गेलं असतं आणि त्यानंही हेच केलं असतं. मी दोघांचंही समाधान केलं."

"आणि माझ्या सहीनं समितीचं केलंस."

"तुझं नाव होतं म्हणून तर त्यांनी डोळे झाकून घेतलं. माझ्या बहिणीच्या नावाला केवढी किंमत आहे, हे बघून मला अभिमानच वाटला होता."

"दादा, मी तिथं 'स्वतः पाहून' असं लिहिलंय."

"मग तू बघायचं होतंस." हे म्हणून झाल्यावर त्यालाच ते जड गेलं असावं, कारण लगेच आवाज चढवून तो पुढे बोलला, "एका झाडाच्या फुलासाठी भावाला कोर्टात उभं केल्यासारखं काय करतेस? तुझ्या शिक्षणासाठी मी माझं सोडलं. कधी काढलं का तोंडातून?"

"आत्ता काढलंस."

मागच्या दारात वहिनी उभी होती. हातात ओली ताटं. तिनं दोघांकडे बघितलं आणि दबलेल्या आवाजात म्हणाली, "ताई, हे काय चाललंय? तुम्हाला तर सगळं ठाऊक होतं ना?"

"मला?"

"मी तर असंच धरून चालले होते. तुमची सही होती. मला वाटलं, बहीणभावांनी मिळून ठरवलंय, आपण कशाला मध्ये पडा." ताटांतलं पाणी तिच्या पावलांवर ठिबकत होतं. "सहा वर्षं मी कधी विषय काढला नाही, तुम्हाला अवघड वाटेल म्हणून."

बाईंना दादाच्या बोलण्यापेक्षा हे जास्त लागलं. वहिनीनं सहा वर्षं दर रविवारी त्यांना प्रेमानं वाढलं होतं, आणि दर रविवारी मनात धरून चालली होती की ही पण त्यातलीच.

त्या बसल्या नाहीत. निघताना दादाला एवढंच म्हणाल्या, "गुरुवारी समितीची बैठक आहे. दुसऱ्या टप्प्याचं ठरणार आहे. तू स्वतः उठून सांग. झालं ते झालं, ही दोनशे दहा लावू नका म्हण. मी शेजारी बसेन, मी एक अक्षर बोलणार नाही. तुझं तू सांगितलंस तर तुझा मान राहील."

दादा बादलीवरच बसून होता. जमिनीकडे बघत त्यानं मान हलवली. "सांगतो."

"नक्की?"

"बारके, सांगतो म्हटलं ना."

तीन दिवस बाई त्या एका शब्दावर जगल्या. काचेवर सहाशे चाळीस, सातशे दहा, सहाशे नव्वद. फळ्यावर 'जास्त'. एक दिवस मास्तरीणबाई आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आल्या त्या नाकातोंडाला रुमाल बांधून. "खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्यात," रुमालातून म्हणाल्या. "हा कसला मोसम आलाय हो? कुठून येतंय एवढं?" आणि बाईंच्या ओठांवर आलेलं उत्तर बाईंनी गिळलं. गुरुवारी दादाच सांगेल. आपण आधी बोललो तर त्याचा मान जाईल.

गुरुवारी बैठकीच्या खोलीत लांबट टेबल होतं, पंख्याला करकर होती आणि पाण्याच्या ग्लासांवर कागदी झाकणं. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त इंजिनिअर. माणूस सरळ, पण घड्याळाचा गुलाम. दादा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. नखं स्वच्छ होती. बाईंच्या शेजारची खुर्ची मोकळी होती, ती सोडून तो समोर बसला.

बाईंच्या पिशवीत आकड्यांचा कागद होता, काचपट्ट्यांचा डबा होता. त्यांनी पिशवी मांडीवर ठेवली आणि हात त्यावर ठेवले.

अध्यक्ष म्हणाले, "दुसऱ्या टप्प्याची दोनशे दहा रोपं तयार आहेत असं कळतं. मंजुरीआधी एक तक्रार आलीय. रस्त्यावरच्या पाच घरांतून लिहून आलंय की यंदा श्वासाचा त्रास वाढला. नर्सरीवाले, तुमचं काही म्हणणं?"

दादा उठला. खाकरला. बाईंनी श्वास धरून त्याच्याकडे बघितलं. त्यानं टेबलावरच्या ग्लासाकडे बघितलं.

"साहेब, मी साधा माळीकाम करणारा माणूस. झाडातलं नर कुठलं, मादी कुठलं, हे शास्त्र मला काय कळणार. समितीनंच तज्ज्ञ नेमले होते. मॅडमनी स्वतः येऊन तपासून दिलं, तसं लेखी आहे." त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. बाईंच्या सहीच्या त्या लेखी कागदाची प्रत होती. "मॅडमनी हो म्हटलं म्हणून मी दिली. आता त्यात काही कमीजास्त झालं असेल तर ते मॅडमच सांगतील."

मॅडम.

बाईंच्या कानात पंख्याची करकर तेवढी उरली. केसानं गळा कापला, असं लोक बोलताबोलता म्हणून जातात. त्याला रक्त येत नाही, आवाज होत नाही, हे त्यांना त्या खुर्चीत बसून कळलं. त्यांनी त्याला आधी बोलायची जागा करून दिली होती, आणि त्यानं तीच जागा वापरली होती. तो कागद त्यानं घरूनच घडी घालून आणला होता. म्हणजे रविवारी मान हलवली तेव्हाच त्याचं ठरलं होतं, किंवा त्याहून आधी.

"मॅडम?" अध्यक्ष म्हणाले. "ही सही तुमची?"

एक क्षण त्यांच्या मनात आलं, सांगावं सगळं. छाटणी, हमी, बादलीवरचं बोलणं. त्या उभ्या राहिल्या.

"सही माझी आहे."

"तुम्ही तपासलं होतं?"

"नाही. मी आईझाड बघितलं. फाटे त्याचेच आहेत, हे मला सांगितलं गेलं. मी ते मानलं आणि 'स्वतः पाहून' असं लिहिलं. ते खोटं होतं." मग पिशवीतून कागद काढून पुढे सरकवला. "रस्त्यावरची एकशे चाळीसच्या एकशे चाळीस नर आहेत. हे मात्र मी पाहिलंय, प्रत्येक झाडाखाली उभं राहून. पाच वर्षं दर थंडीत छाटत होते म्हणून तुरे आले नाहीत. छाटायला कुणी सांगितलं, ते माळ्याला विचारा. तो काही लपवणार नाही. दुसऱ्या टप्प्याची रोपं फुलोऱ्यावर येईपर्यंत एकही लावू नका. कुणाच्याही सहीवर लावू नका. माझ्या तर नाहीच."

दादानं ग्लासावरचं कागदी झाकण उचललं, परत ठेवलं.

दुसरा टप्पा थांबला. रस्त्यावरची झाडं दर हिवाळ्यात छाटायची असं ठरलं. माळ्याला विचारायचं ठरलं, पण ते पुढच्या बैठकीवर गेलं. बाईंचं नाव समितीच्या सल्लागारांतून त्याच बैठकीत कमी झालं. हॉस्पिटलात पत्र गेलं आणि साहेबांनी बाईंना बोलावून, त्यांच्या नजरेला नजर न देता सांगितलं की मोजणीच्या कागदावर यापुढे दोन सह्या लागतील. दुसरी हाताखालच्या मुलीची. मुलगी बिचारी तांबडीलाल झाली. "बाई, मी नुसती करते सही, तुम्ही म्हणाल तिथं."

"नुसती करायची नाही," बाई म्हणाल्या. "बस इथं. आधी मोज."

त्या दिवशी बैठक संपल्यावर बाहेर, जिन्याच्या कठड्याशी दादा थांबला होता. हातात गाडीची किल्ली. जसं काही दोघं कुणाच्या लग्नाला येऊन परत निघाली होती. "चल, सोडतो तुला घरी. ऊन आहे." मग हळू आवाजात, "बारके, तिथं तसं बोलावं लागतं. तुझी सरकारी नोकरी आहे, तुला कोण काढतंय? माझं दुकान बसलं असतं."

"मला काम आहे," त्या म्हणाल्या आणि कठड्याच्या दुसऱ्या बाजूनं उतरल्या. रविवारी गेल्या नाहीत. पुढच्याही नाही. वहिनीचा फोन आला, तो उचलला. ती रडली, बाईंनी ऐकलं. दादाचा आला, तो वाजू दिला.

पण त्याआधी, गुरुवारीच, बाईंना एक काम खरंच होतं. त्या नव्या रस्त्यावर गेल्या. मास्तरीणबाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट होती. आत खिडक्यांच्या फटींना खाकी पट्ट्या, वर्तमानपत्राच्या घड्या, दाराखाली दुमडलेला टॉवेल. हवा कोंडलेली. मास्तरीणबाई खुर्चीत सरळ बसून होत्या. आडवं झालं की त्यांना श्वास घेता येत नव्हता.

"तुम्ही? या या. फळाच घरी आला म्हणायचा."

मोजणीबाईंनी उभ्या उभ्या सांगितलं. कुणाचं नाव घेतलं नाही. रस्त्यावरची झाडं नराची आहेत. चार वर्षांपूर्वी मी तुम्हाला सांगितलं ते मी पाहिलेलं नव्हतं. मला कुणी तरी सांगितलं आणि मी सही केली.

मास्तरीणबाईंनी पंप तोंडाशी धरला, दाबला, दहापर्यंत मोजत श्वास रोखला. मोजताना ओठ हलत होते. मग म्हणाल्या, "जुनं घर विकलं मी."

"हो."

"परत जायला जागा नाही."

"माहीत आहे."

"तुम्हाला कुणी फसवलं, ते सांगू नका मला. माझा त्याच्याशी संबंध नाही. मी त्याच्याकडे गेले नव्हते, तुमच्याकडे आले होते." पुन्हा थोडा वेळ नुसता श्वास. "एक विचारू? त्या फळ्यावरचं तरी बघून लिहिता का?"

एकोणीस वर्षांत हा प्रश्न कुणी केला नव्हता. बाई म्हणाल्या, "हो."

"हं," मास्तरीणबाई म्हणाल्या. मुलांनी गृहपाठ केलाय म्हटल्यावर त्या जसा हुंकार द्यायच्या, तसाच असावा. "मला आता ते कसं कळणार?"

तिथं येऊन बघा म्हणावं तर प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर होती, लिफ्ट तिथवर जात नव्हती, आणि जिने चढणं या बाईंच्या नशिबात उरलं नव्हतं. मोजणीबाईंची नजर खिडकीच्या पट्टीकडे गेली. एका कोपऱ्यात ती सुटली होती. त्या पुढे झाल्या, अंगठ्यानं ती दाबून बसवली.

"जाताना दार ओढून घ्या," मागून आवाज आला. "टॉवेल आतून मी सरकवेन."

त्यांनी दार ओढून घेतलं. कुलपाचा खटका वाजला. आतून टॉवेल सरकल्याचा आवाज आला. मग बाई खाली वाकल्या, दाराच्या फटीला खालपासून वरपर्यंत हाताचा पंजा लावून बघितला, कुठून वारा लागतोय का. आणि कुठूनच लागत नाही अशी खात्री झाल्यावर जिना उतरल्या.